पद मिळालं नाही, तरी कोच राहायचं का?

पत्र: मॅडम, सप्रेम नमस्कार. अंबाजोगाईजवळच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवते. वय २९. विद्यापीठाकडून ८०० मीटर पळाले, एम.पी.एड. केलं, प्राध्यापकपदाच्या पात्रतेची सेट परीक्षा पास झाले. चार वर्षांपासून कॉलेजच्या मुलींना ॲथलेटिक्सचा सराव देते, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. कधी आठजणी येतात, कधी तिघीच. गेल्या वर्षी एकीची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली. आता तिचं लग्न ठरलंय, मे महिन्यात आहे. लातूरच्या एका भरती अकादमीनं मला महिना २५ हजारांची नोकरी देऊ केलीय. मिस्टर झेडपीत शिक्षक आहेत, ते म्हणतात जा. एका संस्थेत क्रीडा संचालकाची जागा निघणार आहे, पण तिथून ‘किती जमेल’ अशी विचारणा झाली. वडील दोन एकर विकायला तयार आहेत. खरं सांगा, मुलींची ॲथलेटिक्स कोच हे आपल्या भागात करिअर होतं का, की मी हौसेपायी वर्षं घालवायले? आणखी एक. पाळीच्या दिवसांत मुलींना पळवावं का? त्यांच्या आया भांडायला येतात.
– तुमची एक वाचक

उत्तर:

आधी जमिनीचं बोलू. दोन एकर विकायची नाहीत, आणि हे वडिलांना आजच सांगून टाक, म्हणजे ते गिऱ्हाईक बघायला लागणार नाहीत. असे पैसे मागणं बेकायदा आहे हे तर झालंच, पण नुसता व्यवहार म्हणून बघितलं तरी तो बुडीत आहे. अनुदानित कॉलेजातली जागा एकट्या संस्थेच्या हातात नसते. शासनाची परवानगी लागते, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची त्याची यादी) तपासून यावी लागते, रीतसर जाहिरात आणि निवड समिती लागते, मग विद्यापीठाची मान्यता, आणि त्यानंतर कुठे उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून पगार सुरू होतो. यातला एक कागद अडला की माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी हजेरी लावत बसतो आणि दिलेले पैसे परत मागायला तोंड राहत नाही. असे लोक मी आपल्याच भागात पाहिलेत. नोकरीही नाही अन् शेतही नाही. जाहिरात येईल तेव्हा अर्ज जरूर कर, मुलाखतीला जा. ‘किती जमेल’ विचारलं तर ‘काहीच नाही’ म्हणून सांगून ये.

पात्रतेत तू कुठेच कमी नाहीस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट, विद्यापीठाकडून वा कॉलेजकडून खेळल्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. तिशीपर्यंतच्या महिलेला या चाचणीत आठ मिनिटांत १००० मीटर पार करायचे असतात. तुला त्याची काय भीती! पगार लेव्हल १० चा, मूळ वेतन ५७,७०० पासून. तेव्हा या जागेची आस धरण्यात काही चूक नाही.

पण त्या खुर्चीवरून निवृत्त झालेली बाई म्हणून सांगते, ती जागा मिळाली की आपण कोच झालो, असं धरून चालू नकोस. संचालकाचा दिवस कसा जातो ते तू जवळून बघतेसच. प्रवेशिका भरा, पात्रता फॉर्मवर सह्या घ्या, टीए-डीएची बिलं लावा, जिमखान्याच्या साहित्याची कोटेशन्स मागवा, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली तयार ठेवा, वार्षिक संमेलनात मांडव कुठे घालायचा तेही बघा. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्याच्याच गळ्यात. मुलींच्या ॲथलेटिक्सला यातून रोज दीड तास काढणारे संचालक आहेत, त्यांना माझा नमस्कार आहे. पण ती त्यांची जिद्द, पदाच्या कामात ते धरलेलं नाही. आपल्याकडे पद आणि कोचिंग एकाच दाव्याला बांधून टाकलंय, आणि तुझ्यासारख्या पोरींना वाटत राहतं की पद नाही म्हणजे आपण कोणीच नाही. मला तुला एवढंच पटवायचंय की ही दोन कामं वेगळी धर. पदासाठी अर्ज करत राहा, ते मिळेल तेव्हा मिळेल. कोचिंगची विद्या मात्र आजपासून वाढव, कारण पुढे कुठेही गेलीस तरी तीच बरोबर येणार आहे.

कॉलेजच्या मुलींना धावायला शिकवण्यात माणसाचा सगळा जन्म जाऊ शकतो का, असं कुणी विचारलं तर मी एड टेम्पल यांचं नाव घेते. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं टेनेसी स्टेट हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. १९५० च्या दशकापासून १९९४ पर्यंत टेम्पल तिथे मुलींच्या संघाचे कोच होते आणि त्याच विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. मैदान धड नव्हतं, पैसा नव्हता, दक्षिणेत वर्णभेद असा की प्रवासात मुलींनी कुठे जेवायचं हाही प्रश्न असायचा. त्यांच्या हाताखालून ४० मुली ऑलिंपिकला गेल्या. लहानपणी पोलिओ झालेली विल्मा रुडॉल्फ त्यांचीच, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदकं जिंकली. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो दुसऱ्याच आकड्यासाठी. त्या ४० पैकी ३९ जणींनी पदवी पूर्ण केली. अमेरिकेत शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना बरोबरीचा हक्क देणारा कायदा, ज्याला तिकडे टायटल नाइन म्हणतात, तो १९७२ चा. त्यानंतर तिकडे मुलींच्या संघाचा कोच ही रीतसर पगारी नोकरी झाली. टेम्पल त्याच्या कितीतरी आधीपासून मैदानावर होते.

आपल्याकडे तसा कायदा नाही, पण गरज तेवढीच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघ. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू म्हणून घडला तो तिथेच. जेवण, बूट, मैदान, कोच, पगार, सगळं सैन्यानं बघितलं. त्याच आष्टीतल्या, केजमधल्या, धारूरमधल्या मुलीला बारावीनंतर असं कोण बघणार आहे? तिच्या वाट्याला येतं ते तालुक्याचं कॉलेज, आणि त्या कॉलेजात तू असलीस तर तू. नसलीस तर काहीच नाही. म्हणून तुझ्या ‘हौस’ या शब्दाचा मला राग आला.

आता शिकण्याचं. एम.पी.एड.मध्ये आपण सगळं थोडं थोडं शिकतो. कोच व्हायला एका खेळात खोल जावं लागतं, आणि त्यासाठी पटियाला. नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, आपण एनआयएस म्हणतो ती, १९६१ पासून कोच घडवते. दोन वाटा आहेत, एक सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि दुसरी सुमारे वर्षभराची पदविका. तू आधी सहा आठवड्यांचा कर. तिथे देशभरातले कोच भेटतात, आपण किती पाण्यात आहोत ते कळतं, आणि घरच्यांनाही तू बाहेर राहण्याची सवय होते. मग येत्या दोन वर्षांत पदविका. क्रीडा मार्गदर्शकाच्या जागा असोत, क्रीडा प्राधिकरण म्हणजे ‘साई’तल्या असोत की खेलो इंडियाच्या केंद्रांवरच्या, पदविकेला तिथे वजन आहे. मिस्टरांना सांग, बी.एड.ला दोन वर्षं घालवतात तसंच हे. शिक्षक माणूस आहे, त्याला पटेल. साईचं केंद्र आपल्या छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच आहे. सुटीत चार दिवस तिकडे जाऊन नुसतं कडेला उभं राहून बघितलंस तरी पुष्कळ मिळेल. परवानगी मागायला लाजू नकोस.

बाई म्हणून या क्षेत्रात तुझी गरज वाढतेच आहे. २०२२ मध्ये साईनं क्रीडा महासंघांना कळवलं की महिला खेळाडू असलेल्या संघाबरोबर महिला प्रशिक्षक असली पाहिजे. कागदावर आलेलं सगळं लगेच अमलात येत नाही, पण दार उघडलंय. आणि आपल्या गावाकडे तर हा नियम पालकांनी कधीचाच करून ठेवलाय. ‘मॅडम बरोबर आहेत का?’ एवढंच विचारतात, हो म्हटलं की पोरगी नांदेडला स्पर्धेला येते, नाही म्हटलं की येत नाही. ॲथलेटिक्सच्या कोच रेणू कोहली यांना २००२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती क्रीडा अधिकारी झाली. मुखेड तालुक्यातली भाग्यश्री जाधव पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्‌घाटनाला सुमित अंतिलबरोबर तिरंगा घेऊन चालली. ही नावं पालकांच्या सभेत घे. मराठवाड्यातल्या बापाला दूरचं उदाहरण पटत नाही, शेजारच्या जिल्ह्यातलं पटतं.

अकादमीचं मी असं म्हणेन. भरतीच्या सरावाला हलकं समजू नकोस. पोलीस भरतीत मुलींच्या मैदानी चाचणीचे ५० गुण असतात, ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, आणि गोळा आपलाच, चार किलोचा. तिन्ही ॲथलेटिक्सचेच प्रकार आहेत. आपल्याकडे पहाटे कुठल्याही मैदानावर जा, भरतीच्या पोरी पळत असतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळांना एवढंच माहीत असतं की रोज ८०० मीटर घड्याळ लावून पळवायचं. तिसऱ्या आठवड्यात नडगी धरते, पोरगी घरी बसते. ८०० मीटरला निम्म्याहून जास्त ताकद दमश्वासातून येते, त्यासाठी आठवड्यातले बरेच दिवस सावकाश, बोलता येईल इतक्या वेगानं पळायचं असतं, हे त्यांना सांगणारं कोणी नाही. तू सांगू शकतेस.

पण लातूरला जाऊन नको. अंबाजोगाईहून रोज पहाटे लातूर गाठणं जमणार नाही, म्हणजे तिथेच राहावं लागेल, आणि मग कॉलेजच्या मुली सुटल्या. त्यापेक्षा अंबाजोगाईतच सकाळची मुलींची बॅच स्वतः काढ. प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन मैदान माग, फीमधला काही वाटा जिमखान्याला देऊ असं त्यातच लिही. पहिल्या वर्षी २५ हजार सुटणार नाहीत, हे मिस्टरांशी आधीच मोकळेपणानं बोलून घे. दोघांचा मिळून घरखर्च निघतो का, याचा हिशेब कागदावर मांड. तो निघत नसेल तर माझा हा सल्ला बाजूला ठेव आणि एक वर्ष अकादमी कर. निघत असेल तर ही बॅच म्हणजे पैसाही आणि तुझी निवड चाचणीही. त्या तीस-चाळीस पोरींत दोघी-तिघी अशा निघतात की दम लागलेला असताना त्यांचं पाऊल आखूड होत नाही. त्यांना संध्याकाळच्या सरावाला बोलाव.

संध्याकाळच्या सरावात सगळ्यांना ८०० मीटरच पळवू नकोस, हे विशेष सांगते, कारण ८०० पळालेला कोच हमखास तेच करतो. तुझा प्रकार आहे तिथे तुझा डोळा तीक्ष्ण आहे, तो वापर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली मुलींची ८०० मीटर डोळ्यासमोर आण. सुरुवात झाली की पहिले दोनशे मीटर सगळ्या अशा सुटतात की शंभर मीटरचीच शर्यत वाटावी. पहिला राउंड संपून घंटा होते आणि तिथून अर्ध्याजणींचे खांदे कानाला लागतात, हात छातीसमोर आडवे हलायला लागतात. कडेची सगळी मंडळी फिनिशपाशी गर्दी करून ‘पळ, पळ’ ओरडत असतात. अगं, ती पळतेच आहे. तिला त्या वेळी ‘खांदे सोड, हात मागे ने’ एवढंच ऐकू यायला हवं, आणि तेही पाचशे मीटरच्या खुणेपाशी, जिथे वळण संपून पलीकडची सरळ लागते. तिथे कोणीच उभं नसतं. तू तिथे उभी राहा.

पण त्याबरोबर एक असा प्रकार शीक ज्यात आपल्या भागात कोच नाहीत. माझं मत विचारशील तर अडथळ्यांची शर्यत. विद्यापीठ पातळीवर मुलींच्या १०० मीटर हर्डल्सला नावं द्यायला कॉलेजं कचरतात, कारण शिकवणारं कोणी नसतं. अडथळे दहा, उंची ८३.८ सेंटिमीटर, पहिला सुरुवातीपासून १३ मीटरवर, पुढचे साडेआठ-साडेआठ मीटरवर, आणि दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं. नव्या मुलीला साडेआठ मीटरला तीन पावलं बसत नाहीत, ती चार टाकते, पाय बदलतो, ती घाबरते आणि अडथळ्यापाशी थांबते. मग अंतर सात मीटरवर आण, उंची गुडघ्याइतकी कर, लय बसू दे. मग हळूहळू वाढव. नळाच्या फिटिंगचं काम करणाऱ्या माणसाकडून पीव्हीसी पाइपचे हलके अडथळे करून घेता येतात, पाय लागला तर ते पडतात, पोरीला लागत नाही. फक्कीनं खुणा मार, झालं. तिहेरी उडीही अशीच दुर्लक्षित आहे. खड्ड्यातली वाळू मात्र खणून मोकळी असली पाहिजे, दगडासारखी बसलेल्या वाळूत उडी घेऊ देऊ नकोस. हातोडाफेकीच्या वाटेला जाळीचा पिंजरा असल्याशिवाय जायचं नाही. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या घरातल्या पोरी ताकदीच्या असतात, त्यांना गोळा आणि थाळी दे.

आपल्या भागाचं एक दुखणं पटियालाच्या पुस्तकात नाही. विद्यापीठाच्या स्पर्धा येतात दिवाळीच्या मागेपुढे, आणि नेमकं तेव्हाच सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, आणि दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ऐन हंगामात पोरगी शेतात नाही तर थेट कारखान्यावर. तिला बोल लावून उपयोग नाही, तिच्या घरची चूल त्यावर आहे. म्हणून तुझं वर्ष जूनपासून मांड. जून ते सप्टेंबर हा दमश्वासाचा काळ. पावसात आपली काळी माती पायाला किलोभर चिकटते, मैदानावर पळणं अशक्य होतं, तेव्हा मुरमाचा रस्ता आणि चढ धर. अंबाजोगाईला बालाघाटाचे चढ आहेत, लातूरच्या कोचला ते मिळत नाहीत. हंगामातल्या दिवसांसाठी घरी करायचा वीस मिनिटांचा व्यायाम लिहून दे, उड्या, बैठका, पोटाचे, पायाच्या घोट्याचे. सरावाची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरव. शेवटची गाडी साडेपाचची असेल तर सराव पाचला संपलाच पाहिजे. पोरगी एकदा अंधारात घरी पोचली की दुसऱ्या दिवसापासून ती येत नाही.

आता पाळीचं. त्यावर नीट लिहिते, कारण कितीतरी पोरींचं मैदान याच गैरसमजानं सुटलंय. पाळीत पळाल्यानं गर्भाशयाला काही होत नाही. पुष्कळ मुलींना हलक्या व्यायामानं पोटातली कळ कमी होते. कुणाला पहिले दोन दिवस खूप त्रास असतो, तिला त्या दिवशी चालू दे, हातापायाचे हलके व्यायाम दे, किंवा घरी पाठव. ठरवायचं त्या मुलीनं. आई भांडायला आली की तिला मैदानावरच खुर्ची दे, पाणी दे. ‘मॅडम, लेकीला कशाला पळवायलाव, उद्या लेकरूबाळ व्हायचंय तिला’ असं ती म्हणेल, आणि ती काळजीनंच म्हणत असते. तिला डॉक्टरीणबाईंचं तोंडी ऐकव. तुमच्याकडे तर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या स्त्रीरोग विभागातल्या एखाद्या डॉक्टरांना जुलैत कॉलेजात बोलाव आणि त्या दिवशी मुलींबरोबर आयांनाही आमंत्रण दे.

याच्या उलटी गोष्ट जास्त धोक्याची आहे आणि तिच्यासाठी कोणी भांडायला येत नाही. सराव करणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं पोरीच म्हणतात. ती चांगली खूण नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की ती पळते जितकं, त्या मानानं खात नाही. शरीर मग काटकसर करतं, हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये यावर सविस्तर निवेदन काढलं, इतका हा प्रश्न जगभरात आहे. अशा मुलीचा सराव कमी करून तिला डॉक्टरांकडे ने. आणि रक्त. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे तुझ्या आठजणींतल्या चौघी-पाचजणी अर्ध्या रक्तावर पळत असतील आणि तू समजत असशील की त्या आळस करतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घे, सरकारी दवाखान्यात होतं. कमी निघालं तर गोळ्या डॉक्टर देतील. खाण्यात शेंगदाणे, गूळ, फुटाणे, अंडी, भाकरीबरोबर पातळ वरणाऐवजी घट्ट पिठलं किंवा मटकी, वर लिंबू. आणि जेवणाला लागून चहा नको, लोह अंगी लागत नाही.

हे सगळं एका वहीत ठेव. प्रत्येकीचं पान वेगळं: तारीख, काय सराव केला, वेळ किती लागली, झोप, कुठे दुखतंय, पाळीचा दिवस. ही वही तुझ्याच कपाटात, कुलपात. व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं एक अक्षर जाता कामा नये. दोन वर्षांनी मुलाखतीला बसशील तेव्हा हीच वही (नावं झाकून) तुझा सगळ्यात मोठा पुरावा असेल. अमक्या मुलीनं जूनमध्ये ८०० मीटरला तीन मिनिटं दहा घेतली आणि डिसेंबरात दोन चाळीस, मधे काय केलं ते असं, हे दाखवता येणारे उमेदवार फार थोडे असतात. त्याबरोबर प्राचार्यांकडून दर वर्षी एक पत्र घेत जा, ‘मुलींच्या ॲथलेटिक्स संघाच्या मानद प्रशिक्षक’ म्हणून, कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. पैसे देत नाहीत तर निदान कागद द्यावा. विद्यापीठाच्या संघाबरोबर गेलीस तर नियुक्तीपत्र जपून ठेव. आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण कोण आहे ते मुलींना पहिल्याच दिवशी सांग, बाहेरगावी जाताना मुक्कामाची खोली आधी स्वतः बघ.

मुदत म्हणशील तर तीन वर्षं. त्यात सहा आठवड्यांचा कोर्स, पदविका, आणि दिसेल त्या जाहिरातीला अर्ज. तीन वर्षांनी पद नसेल तर एखाद्या चांगल्या निवासी शाळेत पगारी नोकरी धर आणि संध्याकाळच्या पोरी चालू ठेव. त्यात कमीपणा काही नाही.

राहिली लग्न ठरलेली ती मुलगी. बापाशी बोलून झालं असेलच, तो ‘सोयरीक मोडू का?’ म्हणणार. सोयरीक मोडायची गोष्टच काढू नकोस. मुलीला आधी एकटीला विचार की तिला काय हवंय. तिला पळायचं असेल तर तिच्या आईला घेऊन सासरच्या घरी जा, मुलाशी आणि सासूशी बोल. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, कोणत्या स्पर्धेतला कोणता क्रमांक कोणत्या गटाच्या पदाला चालतो ते शासन निर्णयात दिलेलं आहे, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. तो शासन निर्णय छापून बरोबर ने. सासूला समजेल अशा भाषेत सांग की या पोरीनं पदवी पुरी केली आणि आणखी एक हंगाम पळाली तर नोकरीची शक्यता आहे. मागायचं एवढंच: लग्नानंतर कॉलेज चालू राहील, परीक्षेला बसू देतील आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ती स्पर्धांना येईल. ‘हो’ म्हणाले तर तिथेच मुलाचा फोन नंबर घे आणि जूनमध्ये पहिल्या सरावाला त्यालाच तिला सोडायला बोलाव. ‘नाही’ म्हणाले तर निदान परीक्षेचा फॉर्म मेच्या आधी भरून घे, हॉल तिकीट तुझ्याकडे ठेव, आणि पेपरच्या दिवशी तिला आणायला स्वतः जा.